नव्वद मीटर खाली, चार दिवस दूर: टेबलटॉप खेळातील पाणबुड्यांची मोहीम कशी रचावी

टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांत, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रे वठवत फाशांवर कथा पुढे नेण्याच्या खेळांत, समुद्राखालचा प्रसंग आला की बहुतेक गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, पात्रांचा वेग निम्मा करतात, श्वास रोखण्यासाठी एक फासा टाकायला लावतात आणि पुढे जमिनीवरच्यासारखीच लढाई चालू ठेवतात. त्यात चूक काही नाही, पण ज्या गोष्टीमुळे खोल पाणी खरोखर भयावह होते ती गोष्ट अशा प्रसंगातून निसटून जाते. ती गोष्ट म्हणजे परतीची वाट. ९० मीटरवर हीलियमच्या मिश्रणात दिवसचे दिवस काम करणारा पाणबुड्या, म्हणजे डायव्हर, पृष्ठभागापासून मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाइतकाच लांब असतो, पण त्याला सुखरूप बाहेर यायला साधारण चार दिवस लागतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून सुटलेले सोयुझ यान सुमारे साडेतीन तासांत जमिनीवर उतरते. म्हणजे वेळेच्या हिशेबाने समुद्रतळावरचा हा माणूस अंतराळवीरापेक्षाही घरापासून लांब आहे. खेळाडूंना ही जाणीव पहिल्या तासातच झाली, तर तुमची मोहीम निम्मी उभी राहिली असे समजावे.

पुढील पायऱ्या कोणत्याही नियमावलीसोबत वापरता येतील. त्यासाठी डायव्हिंगचे प्रशिक्षण लागत नाही, मात्र थोडी आकडेमोड लागते आणि ती मी जागोजागी करून दिली आहे.

पायरी १: कथेच्या आधी खोली ठरवा

खोली ही केवळ पार्श्वभूमी नसते. कोणती साधने वापरायची, किती माणसे लागतील, किती वेळ मिळेल आणि काय चुकू शकते हे सगळे खोलीवरच ठरते. म्हणून "बुडालेल्या जहाजातून पेटी काढायची आहे" असे ठरवल्यावर पुढचा प्रश्न "ती पेटी किती मीटरवर आहे" हाच असला पाहिजे.

साध्या हवेवर श्वास घेणाऱ्या पाणबुड्याला ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी चढू लागते. माणूस मद्य घेतल्यासारखा सैल होतो, साधी बेरीज चुकते आणि आपले चुकते आहे हे त्याला कळत नाही. व्यावसायिक कामात हवेवरचे डायव्हिंग सर्वसाधारणपणे ५० मीटरवर थांबवतात. त्याखाली दुसरा शत्रू उभा राहतो, तो म्हणजे खुद्द ऑक्सिजन. हवेतील ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातील त्याचा वाटा, ६६ मीटरवर १.६ बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब) पोहोचतो आणि तेथून पुढे कोणतीही पूर्वसूचना न देता झटके येण्याचा धोका वाढतो. पाण्यात झटका आला तर तोंडातले श्वसनयंत्र सुटते आणि माणूस बुडतो.

म्हणून ५० मीटरच्या खाली नायट्रोजनच्या जागी हीलियम येतो, आणि काम दीर्घ असेल तर सॅच्युरेशन डायव्हिंग येते, म्हणजे काम संपेपर्यंत दिवसचे दिवस दाबाखालीच राहण्याची पद्धत. मुंबई हाय हे या पट्ट्याचे आपल्या जवळचे उदाहरण आहे. १९७४ मध्ये सापडलेल्या या तेलक्षेत्रात पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे आणि तळावरच्या वाहिन्यांच्या कामासाठी तेथे सॅच्युरेशन डायव्हर उतरतात. विशाखापट्टणम येथे १८ जुलै २०२५ रोजी भारतीय नौदलात दाखल झालेल्या आयएनएस निस्तार या जहाजावर ३०० मीटरपर्यंतच्या सॅच्युरेशन डायव्हिंगची सोय आहे. दीडशे मीटरच्या पलीकडे, विशेषतः वेगाने दाब वाढवला तर, हीलियमवरही हातांना कंप, मळमळ आणि चित्त विचलित होणे ही लक्षणे दिसतात. मानवी शरीराने प्रयोगशाळेतील चेंबरमध्ये सोसलेला सर्वांत मोठा दाब ७०१ मीटर खोलीइतका आहे. तो फ्रान्समधील १९९२ चा प्रयोग हायड्रोजनमिश्रित वायूवर झाला होता. त्याखाली माणूस फक्त बंद, मजबूत कवचात बसूनच जातो.

माझा आग्रह असा की पहिली मोहीम ८० ते १२० मीटरच्या पट्ट्यात रचावी. तेथे माणूस स्वतःच्या हातांनी काम करतो आणि तरीही घाईने वर येऊ शकत नाही. नाट्याला याहून चांगली जागा समुद्रात नाही.

पायरी २: तीन आकडे कागदावर आणा

पहिला आकडा दाबाचा. मीटरमधील खोलीला दहाने भागा आणि एक मिळवा, की वातावरणांत दाब मिळतो. ४० मीटरवर ५, ९० मीटरवर १०. इतके सूत्र खेळासाठी पुरेसे आहे.

दुसरा आकडा वायूचा. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे २० लिटर हवा वापरतो, आणि जड काम करताना किंवा घाबरल्यावर हाच आकडा दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. खोलीवर या आकड्याला दाबाने गुणायचे. १२ लिटरची टाकी २०० बारला भरली तर तिच्यात २४०० लिटर वायू असतो. ४० मीटरवर शांत माणसाला मिनिटाला १०० लिटर लागतात, म्हणजे राखीव साठा न धरता २४ मिनिटे मिळतात. ९० मीटरवर मेहनत करणाऱ्या किंवा भेदरलेल्या माणसाला मिनिटाला ४०० लिटर लागतात, म्हणून तीच टाकी सहा मिनिटांत संपते. हा हिशेब खेळाडूंसमोर मोठ्याने करून दाखवा, कारण सहा मिनिटे हा आकडा त्यांनी स्वतः काढलेला असला की तो त्यांच्या मनात राहतो.

टेबलावर मी यासाठी सोंगट्या वापरतो. मोहिमेच्या खोलीनुसार पाठीवरच्या टाकीच्या जितक्या शांत मिनिटांचा हिशेब येईल तितक्या सोंगट्या खेळाडूपुढे ठेवायच्या. टाकीवर असताना प्रत्येक मिनिटाच्या फेरीला एक सोंगटी जाते, आणि जड काम केले किंवा भीतीचा फासा उलटा पडला तर दोन जातात. सोंगट्या गेम मास्टरने उचलू नयेत, खेळाडूने स्वतःच्या हाताने परत द्याव्यात.

तिसरा आकडा वेळेचा, म्हणजे वर यायला लागणाऱ्या वेळेचा. तो इतका महत्त्वाचा आहे की त्याला स्वतंत्र पायरी द्यावी लागते.

पायरी ३: परतीचे कर्ज

दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन किंवा हीलियम रक्तातून शरीराच्या सर्व ऊतींत विरघळत जातो. दाब हळूहळू कमी केला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. एकदम कमी केला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे सुटतात. सांध्यांत सुटले तर असह्य वेदना होतात, मज्जारज्जूत सुटले तर पाय लुळे पडतात, आणि कधी मृत्यू येतो. एकोणिसाव्या शतकात पुलांचे पाये खणताना केसन नावाच्या बंद पेट्यांत दाबाच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांना हा आजार झाला, म्हणून त्याला केसन डिसीज असे नाव पडले. आज पाणबुडे त्याला बेंड्स म्हणतात. १९०८ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवरील प्रयोगांतून टप्प्याटप्प्याने वर येण्याची पहिली शास्त्रीय कोष्टके प्रसिद्ध केली. तोपर्यंत किती वेगाने वर यावे हे अनुभव आणि अंदाज यांवरच चालले होते.

खेळात याला कर्ज म्हणावे. तळावर घालवलेला प्रत्येक काळ हे कर्ज वाढवतो आणि ते थांबे घेत फेडावे लागते. हवेवर ३० मीटरवर सुमारे २० ते २५ मिनिटे, आणि ४० मीटरवर जेमतेम १० मिनिटे राहिल्यास थांबे न घेता सावकाश वर येता येते. त्यापुढे कर्ज सुरू होते. उथळ मोहिमेसाठी कागदावर सहा घरांचे वर्तुळ काढावे, या मर्यादेनंतरच्या दर पाच मिनिटांना एक घर भरावे, आणि भरलेल्या प्रत्येक घरामागे वर येताना दहा मिनिटांचा थांबा धरावा. ही खेळापुरती केलेली सोय आहे. खऱ्या पाण्यात ती कोणीही वापरू नये, तेथे कोष्टके आणि संगणक असतात. पण टेबलावर तिचा परिणाम अचूक होतो, कारण "अजून पाच मिनिटे थांबलो तर ती पेटी सुटेल" या वाक्याला लगेच किंमत चिकटते.

सॅच्युरेशनमध्ये हे गणित एका विलक्षण वळणावर येते. सुमारे एका दिवसात शरीर त्या दाबाला जितका वायू सामावू शकते तितका सामावून घेते, म्हणजे संपृक्त होते. त्यानंतर माणूस तेथे दोन दिवस राहो की चार आठवडे, कर्ज वाढत नाही. अमेरिकन नौदलातील डॉक्टर जॉर्ज बाँड यांनी १९५७ पासून या कल्पनेवर प्रयोग केले, आणि १९६४ मध्ये सीलॅब १ या समुद्रतळावरच्या घरात चार जण बर्म्युडाजवळ ५९ मीटरवर ११ दिवस राहिले. आज पाणबुडे तळावर राहत नाहीत. ते जहाजाच्या डेकवरील चेंबरमध्ये, तळाइतक्याच दाबाखाली राहतात. कामाच्या पाळीला चेंबरला जोडलेल्या बेल नावाच्या छोट्या कक्षात शिरतात, बेल खाली सोडली जाते, तिच्या तळाचे दार उघडते आणि आतबाहेरचा दाब सारखा असल्यामुळे पाणी आत येत नाही. पाळी संपली की ते परत चेंबरमध्ये येतात. सगळी फेड शेवटी एकदाच होते. ढोबळ मानाने ३० मीटरला एक दिवस, आणि वर आणखी एक दिवस धरावा. ९० मीटरला चार दिवस येतात, २४५ मीटरला नऊच्या घरात.

यातून निघणारा सर्वांत मोलाचा प्रसंग असा. चेंबरमध्ये एखाद्या पात्राचे अपेंडिक्स फुटण्याच्या बेतात आहे. जहाजावर डॉक्टर आहे, काचेच्या खिडकीतून त्याला रुग्ण दिसतो, दोघांमध्ये हातभर अंतर आहे, आणि त्याला रुग्णाला हात लावता येत नाही. औषधे मेडिकल लॉक या दोन दारांच्या छोट्या कप्प्यातून आत जाऊ शकतात, पण रुग्ण बाहेर येऊ शकत नाही. एकतर डॉक्टरने स्वतः दाबाखाली जायचे, म्हणजे त्यानेही चार दिवसांचे कर्ज घ्यायचे, किंवा प्रथमोपचार शिकलेल्या दुसऱ्या पाणबुड्याने फोनवरून सूचना ऐकत काम करायचे. येथे गेम मास्टरला कोणताही राक्षस आणावा लागत नाही.

पायरी ४: प्रत्येक खेळाडूला जागा द्या

सगळी पात्रे एकत्र पाण्यात उतरवू नका. बेलमधून सहसा दोघे बाहेर पडतात आणि तिसरा बेलमध्ये थांबतो, त्याला बेलमन म्हणतात. पाण्यातल्यांना काही झाले तर त्यांना ओढून आणणे हे त्याचे काम असते, म्हणून त्याची नाळ इतरांच्या नाळेपेक्षा थोडी लांब ठेवतात. नाळ हा शब्द मी अंबिलिकलसाठी मुद्दाम वापरतो. तिच्यातून श्वासाचा वायू, सूट ऊबदार ठेवणारे गरम पाणी, प्रकाशाची वीज, बोलण्याची तार आणि कॅमेऱ्याचे चित्र जाते. आईच्या पोटातल्या बाळाची आठवण मराठीत आपोआप येते आणि ती येथे योग्यच आहे.

जहाजावर डाइव्ह सुपरवायझर असतो. पाण्यातील माणसाच्या जिवाची जबाबदारी त्याच्यावर असते, आणि त्याच्या परवानगीशिवाय कप्तानसुद्धा जहाज हलवत नाही. चेंबरमधील हवा, तापमान आणि दाब पाहणारा लाइफ सपोर्ट टेक्निशियन वेगळा असतो. पाच खेळाडू असतील तर दोन पाणबुडे, एक बेलमन, एक सुपरवायझर आणि एक टेक्निशियन अशी वाटणी उत्तम बसते. सुपरवायझरची भूमिका सर्वांत शांत खेळाडूला द्या. जो खेळाडू एरवी लढाईत मागे राहतो तोच या खुर्चीवर सर्वांत जास्त गुंतून जातो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

पायरी ५: डोळे आणि कान काढून घ्या

पाण्यात तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो, त्यामुळे खोलीवर रक्त काळपट हिरवे दिसते. ९० मीटरवर, आणि त्यातही गढूळ पाण्यात, टोपावरच्या दिव्याच्या पलीकडे काहीच नसते, आणि तळावर पाय टेकला की गाळ उठून तेवढेही दिसेनासे होते. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. दोन्ही कानांना तो जवळजवळ एकाच क्षणी पोहोचत असल्यामुळे कोणत्या दिशेने आला हे कळत नाही. म्हणून "डाव्या बाजूने खडखडाट ऐकू येतो" असे वर्णन पाण्याखाली करू नये. "खडखडाट ऐकू येतो, सगळीकडून" हे खरे आहे आणि जास्त भीतिदायकही.

हीलियममुळे माणसाचा आवाज बदकासारखा होतो. जहाजावर तो समजण्याजोगा करणारे यंत्र असते, तरी शब्द निसटतातच. याचा नियम सोपा ठेवा. पाण्यातील दोन पात्रे एकमेकांशी थेट बोलत नाहीत, सगळे बोलणे सुपरवायझरमार्फत होते, आणि प्रत्येक आज्ञा ऐकणाऱ्याने शब्दशः परत म्हणायची. "झडप क्रमांक तीन बंद कर." "झडप क्रमांक तीन बंद करतो." खेळाडू परत म्हणायला विसरला तर ती आज्ञा पोहोचली की नाही हे फासा ठरवेल. पहिल्या अर्ध्या तासात सगळे अडखळतात. त्यानंतर टेबलावरचा गोंगाट आपोआप थांबतो आणि खोलीत एक वेगळीच शिस्त येते.

आणखी एक युक्ती आवर्जून वापरा. पाणबुड्याला काय दिसते ते गेम मास्टरने मोठ्याने सांगू नये. चिठ्ठीवर लिहून फक्त त्याच खेळाडूला द्यावे आणि त्याने आपल्या शब्दांत सुपरवायझरला कळवावे. माहिती गाळली जाते, चुकीची समजली जाते, आणि ती चूक कोणाच्याही दुष्टपणाशिवाय घडते.

शक्य असेल तर गेम मास्टरने स्वतः एकदा दहा मीटर तरी उतरून पाहावे. सिंधुदुर्गात तारकर्लीला स्कूबाचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे, मालवणच्या किनाऱ्यावर पावसाळा सोडून इतर महिन्यांत डायव्हिंग चालते. पहिल्या पाच मीटरांतच कानांत जी कळ येते, ती कोणत्याही वर्णनातून मिळत नाही.

पायरी ६: शार्कच्या जागी खरे धोके ठेवा

खोल पाण्यातील मृत्यूंमागे मासे क्वचितच असतात. ज्या गोष्टी माणसे मारतात त्या यंत्रांच्या, दाबाच्या आणि घाईच्या असतात.

दाबातील फरक हा त्यांतला सर्वांत कपटी. बंधाऱ्याच्या दारापाशी, रिकाम्या पाइपच्या तोंडाशी किंवा जहाजाच्या आतल्या कोरड्या कप्प्यापाशी दोन बाजूंच्या दाबात फरक असतो. पाण्याची पातळी केवळ दहा मीटरने वेगळी असली तरी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार येतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या भोकाचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्या भोकावर हात किंवा पाय अडकला तर तीनशे किलोंहून अधिक भाराने तो दाबून धरला जातो. हा ओढा डोळ्यांना दिसत नाही आणि जवळ जाईपर्यंत जाणवतही नाही. येथे ताकदीचा फासा टाकू देऊ नये, कारण कोणत्याही माणसाच्या ताकदीने तो सुटत नाही. दुसऱ्या बाजूची पातळी समान करणे हा एकच उपाय, आणि तो करणारा माणूस दुसरीकडे, वर असतो. फासा टाकायचा तो त्याआधी, झडपेवर कुलूप लावले आहे की नाही हे तपासण्याची आठवण कोणाला राहिली यासाठी.

थंडी दुसरा धोका. हीलियम हवेपेक्षा सुमारे सहापट वेगाने उष्णता वाहून नेतो, म्हणून श्वासागणिक शरीर थंड होते. गरम पाण्याचा पुरवठा थांबला की काही मिनिटांत बोटे काम करेनाशी होतात. बोटांच्या कामाचे फासे दर फेरीला एकेक पायरी अवघड करत जा.

तिसरा धोका जहाजच जागेवरून सरकण्याचा. आधुनिक डायव्हिंग जहाज नांगर न टाकता संगणकाने चालणाऱ्या पंख्यांच्या जोरावर एका जागी उभे राहते. २०१२ मध्ये उत्तर समुद्रात अशा एका जहाजाची यंत्रणा बंद पडली, ते वाहून जाऊ लागले आणि सुमारे ९० मीटरवर एका पाणबुड्याची नाळ अडकून तुटली. त्याच्या पाठीवर काही मिनिटांचाच वायू होता. जहाज परत जागेवर येऊन त्याला बेलमध्ये आणेपर्यंत अर्ध्या तासाहून अधिक काळ गेला, आणि तरीही तो वाचला. बर्फगार पाणी आणि त्याच्या रक्तात साठलेला भरपूर ऑक्सिजन यांमुळे मेंदू टिकला असे मानले जाते. असा चमत्कार मोहिमेत फार तर एकदा येऊ द्यावा.

चौथा धोका दाराचा. ५ नोव्हेंबर १९८३ रोजी नॉर्वेच्या समुद्रात बायफर्ड डॉल्फिन या रिगवर चेंबरचे आतले दार पूर्ण बंद होण्यापूर्वी बेलला चेंबरशी जोडून धरणारा क्लॅम्प उघडला गेला. नऊ वातावरणांचा दाब क्षणार्धात एकावर आला आणि चार पाणबुड्यांसह पाच जण मरण पावले. या घटनेचे शारीरिक तपशील खेळात आणण्याची काहीही गरज नाही, आणि मी ते कधी आणत नाही. त्यातून घ्यायचे ते इतकेच की दारांचा क्रम पवित्र आहे. खेळाडूंकडून तो क्रम प्रत्येक वेळी म्हणवून घ्या.

हे धोके मांडण्यापूर्वी, पहिल्या सत्राच्या आधीच, सर्वांशी स्पष्ट बोलून घ्यावे. गुदमरणे, बंद जागा आणि अंधार यांची भीती अनेकांना खऱ्या आयुष्यात असते, काहींनी जवळचा माणूस पाण्यात गमावलेला असतो. कोणीही कारण न सांगता खेळ थांबवू शकेल अशी एक खूण ठरवा, आणि ती खूण झाली की खरोखर थांबा.

पायरी ७: जुना काळ आणि जादूचे जग

ज्यांना १९३० च्या आसपासचा काळ आवडतो त्यांच्यासाठी एक खरी मोहीम जवळजवळ तयार कथानकासारखी आहे. मे १९२२ मध्ये लंडनहून मुंबईकडे निघालेले पी अँड ओ कंपनीचे इजिप्त हे जहाज फ्रान्सच्या पश्चिम टोकाजवळ धुक्यात टक्कर होऊन बुडाले. त्यात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने आणि चांदी होती. सुमारे १२५ मीटर पाणी, आणि तेव्हाच्या पाणबुड्याच्या पोशाखात तेथे काम करणे अशक्य. इटालियन पथकाने आर्टिग्लिओ या जहाजावरून एक बंद लोखंडी कक्ष खाली सोडला. त्यात बसलेला माणूस काचेतून पाही, टेलिफोनवरून सांगे, आणि वरचे लोक त्याच्या सांगण्यावरून पंजा व स्फोटके हलवीत. दारूगोळ्याने भरलेले दुसरे एक बुडालेले जहाज उडवताना डिसेंबर १९३० मध्ये आर्टिग्लिओच नष्ट झाले आणि पथकातील अनेक जण मेले. उरलेल्यांनी दुसऱ्या जहाजावरून काम पुढे नेले आणि १९३२ मध्ये सोने वर आले. या मोहिमेचा आराखडा खेळासाठी अप्रतिम आहे: ज्याला दिसते त्याला हात नाहीत, ज्यांना हात आहेत त्यांना दिसत नाही.

जादूच्या जगात प्रश्न वेगळा येतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध रोल-प्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीत शंभर फुटांखाली पोहण्याचा एक तास थकव्याच्या हिशेबात दोन तास धरतात आणि दोनशे फुटांखाली चार तास. नियम चांगला आहे, पण तो थकव्यापुरताच आहे. पाण्यात श्वास घेण्याच्या मंत्राने काय बदलते याचा विचार तर्काने करावा. फुप्फुसांत वायूच नसेल तर तो रक्तात विरघळणार नाही, म्हणजे गुंगी नाही आणि बेंड्सही नाहीत. मात्र कानांतील आणि कपाळाच्या पोकळ्यांतील हवा तशीच राहते, म्हणून कानठळ्या बसवणारी कळ राहते. थंडी राहते, अंधार राहतो, दिशाहीन आवाज राहतो. मंत्र मध्येच संपला आणि पात्राने तळावरच्या एखाद्या हवेच्या खोलीत दीर्घ श्वास घेतला, की त्या क्षणापासून परतीचे कर्ज सुरू होते. खेळाडूंना हे आधी सांगून ठेवले तर ते अशा खोलीच्या दारात उभे राहून बराच वेळ वाद घालतील.

पायरी ८: कवचाच्या आतली मोहीम

हजारो मीटर खोलीवर माणूस एका वातावरणाच्या दाबातच बसतो, त्यामुळे परतीचे कर्ज नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत आकाराला येणाऱ्या मत्स्य ६००० या पाणबुडीचे मोजमाप नमुना म्हणून घ्या: २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल, ८० मिलिमीटर जाडीची भिंत, आत तीन माणसे, नेहमीच्या कामासाठी १२ तास आणि आणीबाणीत ९६ तासांची सोय. जमिनीवर खडूने २.१ मीटरचे वर्तुळ आखून तिघा खेळाडूंना त्यात बसवले, तर वर्णनाची गरजच उरत नाही. १९६० मध्ये त्रिएस्ते ही खोल समुद्रात उतरणारी पाणबुडी मारियाना गर्तेत सुमारे १०,९०० मीटरवर पोहोचली तेव्हा केवळ उतरायला पावणेपाच तास लागले होते आणि तळावर सुमारे वीस मिनिटे मिळाली. मोहिमेतील बहुतांश वेळ प्रवासाचा असतो, संवादांसाठी तो मोकळा सोडावा.

कवच फुटण्यासाठी फासा ठेवू नये. जून २०२३ मध्ये टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना टायटन ही पाणबुडी फुटली तेव्हा आतल्यांना कळायलाही अवसर नव्हता. अशा मृत्यूत खेळाडूला करण्याजोगे काहीच नसते. निर्णय कवचाची तपासणी करताना, बंदरात घ्यायला लावा. त्याउलट अडकून पडण्याचा प्रसंग खेळायला फार चांगला. १९७३ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात पायसीस ३ ही छोटी पाणबुडी सुमारे ४८० मीटरवर बसली, आणि आतले दोघे ७६ तासांनी जिवंत बाहेर आले तेव्हा बारा मिनिटांचा ऑक्सिजन उरला होता. कमी बोलणे, कमी हालणे, झोपणे हेच तेथील शौर्य होते.

पायरी ९: तीन सत्रांत मांडणी

पहिले सत्र तयारीचे. हवामान, परवाने, माणसांची निवड, वायूचा साठा, आणि थांबण्याची वेळ आधीच लिहून ठेवणे. मुंबई हायवर कथा घडत असेल तर जूनचा पाऊस हेच घड्याळ आहे, समुद्रातील बांधकामाचा हंगाम तोपर्यंत आवरावा लागतो. कधी थांबायचे हा प्रश्न किती कठीण असतो ते एडिनबरो या ब्रिटिश युद्धनौकेवरून दिसते. १९४२ मध्ये बॅरेंट्स समुद्रात बुडालेल्या या नौकेवर ४६५ सोन्याच्या विटा होत्या. १९८१ मध्ये सॅच्युरेशन डायव्हरांनी २४५ मीटरवरून ४३१ विटा काढल्या आणि बिघडते हवामान व थकलेली माणसे पाहून ३४ विटा तळावर सोडून काम थांबवले. तुमच्या खेळाडूंपुढे त्या ३४ विटा ठेवा.

दुसरे सत्र पाण्यातले. खऱ्या वेळेने खेळा, टेबलावर मोठे घड्याळ ठेवा, जेवणाची सुट्टी बेलच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये घ्या.

तिसरे सत्र परतीचे, आणि बहुतेक गेम मास्टर हेच वगळतात. काम संपले आहे, पाणबुडे डेकवर आहेत, सूर्यप्रकाश खिडकीतून दिसतो आहे, आणि दार उघडायला चार दिवस आहेत. जेवण लॉकमधून येते, त्या दाबात त्याला फारशी चव लागत नाही. ज्याने नाळ सोडली आणि ज्याची नाळ सुटली ते दोघे समोरासमोरच्या बंकवर झोपतात. बाहेर सुपरवायझर खिडकीपाशी येतो आणि घरून आलेला निरोप द्यावा की दार उघडेपर्यंत थांबावे हे त्याला ठरवायचे आहे. दर दिवसासाठी प्रत्येक खेळाडूला एकच प्रसंग द्या, फासे बाजूला ठेवा, आणि दाबमापकाचा आकडा दर प्रसंगानंतर फळ्यावर लिहीत जा: ९०, ६०, ३०, ०.